नांदेड ते हैदराबाद, पंचावन्न मिनिटं

महानंदानं दात गच्च मिटले होते. मी साखरेची पुडी फोडून तिच्या ओठाला लावली, तर तिनं मान झटकली आणि सगळी साखर माझ्या मांडीवर सांडली. तिचं लुगडं घामानं पाठीला चिकटलं होतं. कपाळावरची विभूती वाहून भुवईत उतरली होती. डोळे उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. मला ती "आत्याबाई" म्हणत होती. आत्याबाई म्हणजे आमची सासू. तिला मरून तीस वर्षं झाली.

"आत्याबाई, दूध उतू चाललंय," ती म्हणाली आणि परत दात मिटले.

"हार्ट अटॅक आहे हा," मागच्या ओळीतला एक कोटवाला उभा राहून म्हणाला. "तोंडात काही घालू नका. घशात अडकेल."

विमानातली पोरगी धावत आली. तिच्या हातात प्राणवायूची नळकांडी होती. "आजी, डॉक्टर कोई नहीं है. ऑक्सिजन लगाते हैं."

"उतरने को कितना टाइम?" मी विचारलं.

"पच्चीस मिनट."

पंचवीस मिनिटं म्हणजे वडवणीहून तेलगाव. आमच्याकडं एसटीत कुणाला असं झालं तर कंडक्टर दोरी ओढतो, गाडी बाभळीखाली उभी राहते, कुणी पाणी आणतं, कुणी कांदा फोडून नाकाला लावतं. इथं खिडकीतून खाली बघितलं तर पिंजलेल्या कापसासारखे ढग होते, आणि गाडी उभी करायला एक बाभूळ नव्हती.

सकाळी साडेसातला तिला इन्सुलिनची सुई मी टोचली होती. आदल्या दिवशीच्या जेवणानंतर तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. त्या विमानात हे फक्त मला माहीत होतं.

वडवणी

आता आधीचं सांगते. परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, विमान कसं असतं, भीती वाटते का, कानात दडे बसतात का. प्रत्येकीला तेच तेच सांगून तोंड दुखलं. म्हणून लिहून काढते. मी चौथी शिकले आहे आणि पन्नास वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसले आहे. लिहिता येतं.

महानंदा माझी धाकटी जाऊ. आमची दोघींची लग्नं एकाच घरात झाली, दोघींचे नवरे गेले, आणि आता वडवणीत किराणा दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. शेजारी माझा मुलगा वैजनाथ आणि सून. महानंदाला एकच मुलगी, राजश्री. ती हैदराबादला दिलेली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. आजी म्हणून महानंदाला जायचं होतं, आणि महानंदा जाणार म्हणजे मला जाणं भाग होतं. तिला बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. सुईची तिला इतकी भीती की टोचताना भिंतीकडं तोंड करते. सकाळ-संध्याकाळ तिला सुई मीच टोचते. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मला शिकवलं. त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. वेळ चुकवायची नाही, आणि सुईनंतर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे.

बसनं हैदराबाद म्हणजे दहा-अकरा तास. वैजनाथ म्हणाला, "काकूचे पाय सुजतेत. विमानानं जा."

"किती लांब हाय?" महानंदानं विचारलं.

वैजनाथनं मोबाईलवर बघितलं. "विमानाचं अंतर अडीचशे किलोमीटर बी न्हाई. पंचावन्न मिनिटं."

"बस्स?"

"चहा प्यायला अन् उतरला."

झालं. पंचावन्न मिनिटं हा आकडा महानंदाच्या डोक्यात जाऊन बसला. शेजारणीला सांगितलं, बाजारात सांगितलं, राजश्रीला फोनवर सांगितलं. मलाही तो आकडा बरा वाटला, खोटं कशाला बोलू. नेकनूरची माझी बहीण आली होती, ती म्हणाली, "आमच्याकडून बीडच्या स्टँडावर जाऊन घरी यायला याच्यापरीस जास्त वेळ लागतो गं." सगळ्या हसलो. वडवणी ते नांदेड हे अंतर कुणीच मोजलं नाही. ते रोजच्या रस्त्याचं, जीपचं. ते कुणाला अंतर वाटतच नाही.

आम्ही लिंगायत. आमच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत. अंगावरून ते उतरवायचं नाही, आणि एकाचं लिंग दुसऱ्यानं हाताळायचं नाही. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, बेल वाहायचा, तीर्थ घ्यायचं आणि मग खायचं. मीही पूजा करते. पण मला भूक लागली तर मी आधी भाकरी खाते, देव काही पळून जात नाही. महानंदाचं तसं नाही. पूजेशिवाय तिच्या घशाखाली पाणी उतरत नाही. बाळंतपणातही तिनं नेम मोडला नव्हता. घरी याची अडचण येत नाही. सातला पूजा, साडेसातला सुई, आठला भाकरी.

वडवणी ते नांदेड

पहाटे पाचला जीप दारात आली. वैजनाथ आम्हाला विमानतळावर सोडून परत येणार होता. बंबातलं पाणी तापलं नव्हतं, डिंकाच्या लाडवांचा डबा बांधायचा राहिला होता, जीपवाला हॉर्न वाजवत होता. महानंदा गार पाण्यानं आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून जीपमध्ये बसली. ती विभूती बघून मला वाटलं, हिची पूजा झाली.

माजलगावपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांनी जीव नकोसा केला. एकामागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि धुकं. जीपवाला पुढं घालायचा, समोरून उजेड आला की परत मागं घ्यायचा. महानंदा माझा दंड धरून बसली होती. मी बाहेर बघायचं सोडून दिलं. पाथरीच्या पुढं उजाडलं. हरभरा हिरवागार उभा होता, ज्वारी कमरेच्या वर गेली होती.

साडेसात वाजले तेव्हा मानवत जवळ आलं होतं. मी जीप बाजूला घ्यायला लावली, महानंदाचं तोंड खिडकीकडं केलं आणि सुई दिली. दहा मिनिटांनी एका हॉटेलापुढं थांबलो. मी धपाटे सोडले, वर शेंगदाण्याची चटणी वाढली, तिच्यापुढं ठेवली.

ती हात लावेना.

"खा की."

"पूजा राह्यलीय."

"मग विभूती कशाला फासली?"

"विभूती लावली म्हंजी पूजा झाली व्हय? पाणीच तापलं न्हवतं, गाडीवाला बोंबलत हुता."

"मग सुई टोचताना सांगायला काय झालं? तोंड शिवलं होतं?"

"तुमी इचारलं कुठं, अक्का?"

हे मात्र खरं होतं. मी विचारलं नव्हतं. मी घड्याळ बघितलं आणि टोचली.

"इथं कर पूजा. बाकडं पुसून देते."

तिनं हॉटेलाकडं नजर टाकली. एका पातेल्यात रश्शाचं मटण होतं, मालक त्याच्यावरचा तवंग बाजूला करत होता. मी तो वास घेतला आणि बाकडं पुसायचं सोडलं. आमच्या घरात हे चालत नाही.

वैजनाथ म्हणाला, "काकू, विमानतळ लई स्वच्छ आसतंय. तिथं करा. दोन तासात पोचू."

"बघा, अक्का," महानंदा म्हणाली. "न्हाईतर राजीच्या घरी करीन. विमान पंचावन्न मिनिटाचं तर हाय."

मी तिथंच तिच्या थोबाडीत मारायला पाहिजे होती. ते केलं नाही. दोन धपाटे मी खाल्ले, चहा प्याले, आणि तिचे धपाटे परत फडक्यात बांधले.

नांदेड

परभणीत फाटक पडलं होतं. वसमतला बाजाराच्या गाड्या आडव्या होत्या. विमानतळावर पोचायला साडेदहा वाजले. वैजनाथला आत सोडत नाहीत. त्यानं काचेबाहेरून हात केला आणि त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं की आता आम्ही दोघीच आहोत.

विमानतळ मला एसटी स्टँडपेक्षा लहान वाटलं. पण स्टँडावर माणसाला कुणी विचारत नाही, इथं चार ठिकाणी विचारतात. मोठी पेटी आणि लाडवांचा डबा वजनावर ठेवायला लावला. काळ्या पट्ट्यावरून दोन्ही आत गेलं. मी म्हणाले, "डबा जवळ राहू द्या." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, डबा जड आहे, खालीच जाईल." गूळ, खोबरं, डिंक, खारीक घातलेला तो डबा विमानाच्या पोटात गेला. आमच्याजवळ उरले तिखट धपाटे, पाण्याची बाटली आणि पूजेची पिशवी.

तपासणीच्या पडद्यामागं पोलीस बाईनं महानंदाच्या गळ्यातल्या डबीवर यंत्र फिरवलं. ते वाजलं.

"हे काढून ट्रेमध्ये ठेवा."

"न्हाई," महानंदा म्हणाली.

"आजी, सगळ्यांना काढावं लागतं."

"मेल्यावर काढा."

मागं रांग लागली होती. मला वाटलं, आता हे विमान जाणार. मी त्या बाईला सांगितलं की हे लिंग आहे, अंगावेगळं करत नाहीत. तिनं मोठ्या बाईला बोलावलं. मोठी बाई म्हणाली, "तुम्हीच उघडून दाखवा, आम्ही हात लावत नाही." महानंदानं डबी उघडून दाखवली. दोघींनी बघितलं. धाकटीनं नमस्कार केला आणि पासावर शिक्का मारला. मी त्या दोघींना चांगलं म्हणते. नियम त्यांचाही होता आणि आमचाही.

आत बसलो तेव्हा सव्वाअकरा. विमान साडेअकराचं.

"आता कर पूजा. पाच मिनिटं हायेत."

तिनं इकडंतिकडं बघितलं. एका बाजूला संडास, समोर बूट घालून जाणारे येणारे लोक, शेजारच्या खुर्चीत एक जण अंड्याचा पाव खात होता.

"हितं?"

"तळहातावर करायची पूजा हाय. जमीन कशाला लागती?"

"अक्का, संडासाचं दार दिसतंय."

"मग डोळे मिट."

तिनं डोळे मिटले, पण पूजेसाठी नाही. रुसून. तेवढ्यात भोंग्यावर सांगितलं की तिकडून येणारं विमान धुक्यानं उशिरा निघालंय, अर्धा तास लागेल. अर्ध्या तासानं परत सांगितलं, अजून पंधरा मिनिटं. त्या पंधराची वीस झाली. एसटी उशिरा आली तर माणूस कंट्रोलरशी भांडतो, शेंगा खातो, शेजारणीला तिची सून कशी आहे विचारतो. इथं सगळे मोबाईलमध्ये बघत बसतात. भांडायलाही कुणी नाही.

बाराच्या सुमारास महानंदा म्हणाली, "डोकं हलकं लागतंय."

"भीती वाटती का?"

"व्हय, तेच आसंल."

तिचा हात हातात घेतला तर गार आणि ओला. मी म्हणाले, "एक घोट पाणी तरी पी." ती नाही म्हणाली, आणि वर चिडली, "तुमाला देवधरम न्हाई, मला हाय." ती माझ्यावर कधी चिडत नाही. चाळीस वर्षांत चारदा चिडली असेल. चिडणं हेही साखर उतरल्याचं लक्षण असतं, हे मला त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी विसरले. मला राग आला आणि मी तोंड फिरवून बसले. त्या दिवशी मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ही. सुई नव्हे.

वर

विमान लहान होतं. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या. पट्टा बांधायला त्या पोरीनं मदत केली. जमीन सोडताना पोटात खड्डा पडतो, जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पडतो तसा, फक्त इथं वर जाताना पडतो. कानात दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. गोदावरी खाली दिसली, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी. मी महानंदाला म्हणाले, "बघ गं." तिनं बघितलं नाही. ती हातानं हवेत काहीतरी ढवळत होती.

"काय करतीस?"

"भाजी लागंल खाली."

मी तिच्या कपाळाला हात लावला आणि माझा हात भिजून आला. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. साडेसात ते पाऊण. पाच तासांच्या वर. मी ओरडले, "साखर! साखर लाओ कोई!"

पोरीनं चहाच्या साखरेच्या पुड्या आणल्या. पहिल्या पुडीचं काय झालं ते वर सांगितलं आहे. कोटवाला हार्ट अटॅक म्हणत होता, पोरगी नाकावर प्राणवायू लावत होती, महानंदा तो झटकत होती. मी कोटवाल्याला म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही, पण माझ्या वडिलांना..."

"मग खाली बसा."

पलीकडच्या खुर्चीत एक म्हातारे सरदारजी होते, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं दर्शन करून चाललेले. ते उठून आले, महानंदाचं डोकं मागून आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि मला म्हणाले, "बहनजी, आप जो कर रही हो, करो."

मी दुसरी पुडी घेतली. बोट दातांमध्ये घालायला बघितलं. ती चावली. रक्त आलं.

"पूजा... पूजा न्हाई झाली," ती म्हणाली. शुद्ध नव्हती, सासू आणि जाऊ यातला फरक कळत नव्हता, पण हे मात्र कळत होतं. साठ वर्षांचा नेम. तो डोक्यात नसतो, तो जबड्यात असतो. तिला साखर म्हणून मी साखर दिली असती तर ती मेली असती, पण तिनं तोंड उघडलं नसतं.

मग मी जे केलं ते आमच्यात करत नाहीत. मी तिच्या गळ्यातली डबी उघडली. लिंग बाहेर काढलं. तिचा डावा हात उलटा करून तळहातावर ठेवलं. हात थरथरत होता, म्हणून खालून माझा हात लावला. पोरीला म्हणाले, "कप में पानी, और जितनी शक्कर है सब." तिनं विचारलं नाही कशाला. चार-पाच पुड्या कपात फोडल्या आणि बोटानं ढवळलं. मी पिशवीतून चिमूटभर विभूती काढून लिंगाला लावली, कालचं बेलाचं पान वर ठेवलं, आणि "ॐ नमः शिवाय" म्हणत ते साखरेचं पाणी लिंगावर धरलं. पाणी तिच्या तळहातात साचलं.

"महानंदा, पूजा झाली. तीर्थ घे."

तिनं दात उघडले नाहीत.

"तीर्थ घे गं. आत्याबाई सांगतेत."

तिनं तोंड उघडलं.

तळहातातलं पाणी मी तिच्या तोंडाशी लावलं. सरदारजींनी तिला पुढं वाकवून बसवलं होतं. पहिला घोट हनुवटीवरून सांडला. दुसरा गिळला. मी घशाकडं बघत होते, गिळते का नुसतं तोंडात धरते. गिळला. मग मी सरळ कपातून थोडं थोडं देत राहिले आणि प्रत्येक घोटाला "तीर्थ, तीर्थ" म्हणत राहिले. कप संपला. पोरीनं फळाचा रस आणला. तेही तीर्थ.

"किती वेळ?" मी परत विचारलं.

"अठारह मिनट."

सात मिनिटंच झाली होती. ती अठरा मिनिटं कशी गेली ते मला लिहिता येत नाही. पट्टा बांधायला सांगितलं म्हणून सरदारजींना जागेवर जावं लागलं, पोरगीही जाऊन बसली. आम्ही दोघीच. मी एका हातानं तिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं तिचं लिंग, कारण ते डबीत घालायला माझी बोटं चालेनात. विमान ढगात शिरलं आणि हादरायला लागलं. तिच्या मानेवर बोट ठेवून ठोके मोजले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा मोजायचं सोडलं आणि नुसतं बोट ठेवून बसले. चाकं जमिनीला लागली तेव्हा मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला त्या माणसाचा राग आला.

हैदराबाद

शिडीखाली दवाखान्याची गाडी उभी होती. गाडीतल्या माणसानं तिच्या बोटातून रक्त काढून यंत्राला लावलं. आकडा बघून तो म्हणाला, "अम्मा, अब भी बहुत कम है," आणि लगेच शिरेतून औषध सोडलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं दोनदा डोळे उघडले. दुसऱ्यांदा म्हणाली, "अक्का, डबा घेतला का?" लाडवांचा डबा. मी म्हणाले, "गप बस."

दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीएवढी असेल.

"इंजेक्शन किसने दिया?"

"मैं दी."

"खाना?"

"नहीं खाई."

"और आपने फिर भी दिया?"

पूजा, पाणी, बंब, मटणाचं पातेलं, सगळं सांगता आलं असतं. माझे वडील दुकानात दखनी हिंदी बोलायचे, मला हिंदी अडत नाही. पण मी म्हणाले, "गलती मेरी है." ती रागावली. नीट रागावली. म्हणाली की या सुईचा अंमल संध्याकाळपर्यंत राहतो, साखर परत उतरू शकते, आजची रात्र ती इथंच राहील, आणि अजून वीस मिनिटं गेली असती तर मेंदूला धक्का बसला असता. जे खरं ते तोंडावर सांगणारी माणसं मला आवडतात.

राजश्री अकरा दिवसांची बाळंतीण, तिला येऊ दिलं नाही. जावई आले. मी बाकड्यावर बसून होते. दुपारी चारला साखर परत उतरली. नर्सा धावल्या, मला बाहेर काढलं, पडदा ओढला. पडद्याखालून फक्त पाय दिसत होते, पांढरे बूट इकडून तिकडं. मी पायांवरून ओळखायला बघत होते की आत काय चाललंय. पाय पळतायत तोवर ती जिवंत आहे, असं मी धरून चालले. मग पाय थांबले. पडदा बाजूला झाला तर डॉक्टरीण पाणी पीत होती. "ठीक है," ती म्हणाली.

त्या बाकड्यावर बसून मी हिशोब केला, तो बायकांसाठी इथं देते. घरातून निघालो पाचला. विमानाचं अंतर पंचावन्न मिनिटं. पण विमानतळावर एक तास आधी जावं लागतं, विमान उशिरा येतं, हैदराबादचं विमानतळ गावापासून इतकं लांब आहे की राजश्रीच्या घरी जायला वर दीड तास. सगळं सुरळीत झालं असतं तरी घराच्या उंबऱ्यापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत साडेनऊ तास. बसनं दहा. अंतर उंबऱ्यापासून मोजा. मोबाईल ढगापासून मोजतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदा पुरती शुद्धीवर होती. नर्सेनं ताटली आणली होती, इडली आणि शेंगदाण्याची पातळ चटणी. तिकडं सकाळी तेच खातात, पोटाला हलकं असतं, पण दोन तासांत भूक लागते. महानंदानं ताटलीकडं बघितलं नाही. गळ्यातली डबी चाचपली. लिंग परत डबीत घालताना दोरा मी उलटा बांधला होता.

"माझं लिंग कुणी काढलं?"

"मी."

"तुमी?"

"माझ्या हातानं काढलं. पूजा केली. साखरेचं पाणी तीर्थ म्हणून पाजलं. आत्याबाईंचं नाव घेऊन खोटं बोलले."

तिनं डबी उघडून आत बघितलं आणि परत मिटली. मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

"हात तरी धुतले हुते का?"

"विमानात कुठले हात धुऊ? साखरेनं चिकट हुते. अन् तू चावलीस त्याचं रक्त हुतं."

"शिवा शिवा," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. दुपारपर्यंत बोलली नाही. पण तिनं नर्सेकडून पाणी मागून घेतलं, पलंगावर बसून, मागं सुया, पुढं सलाईन, शेजारच्या पलंगावर खोकणारी बाई, अशा ठिकाणी तळहातावर पूजा केली आणि मग इडली खाल्ली. जागा कसली आहे ते तिनं त्या दिवशी विचारलं नाही.

बारसं एक दिवस पुढं ढकललं. मुलीचं नाव शिवानी ठेवलं. तिकडच्या बायका पाळण्याला आंब्याची पानं बांधतात, आम्ही घुगऱ्या वाटल्या. त्यांनी चिंचेचा भात केला होता, त्यात कढीपत्ता इतका की निम्मा वेळ पानं बाजूला काढण्यात जातो. चव मात्र चांगली. डिंकाचे लाडू सगळ्यांनी खाल्ले. महानंदानं नाही खाल्ला, तिला चालत नाही. मीही खाल्ला नाही.

येताना जावई म्हणाले, बसनं जा. मी म्हणाले, नाही, विमानानंच. महानंदानं भल्या पहाटे पूजा केली, सुई घेतली, माझ्यासमोर बसून दोन भाकरी खाल्ल्या, आणि मी तिचं तोंड उघडायला लावून आत बघितलं. ती म्हणाली, "मी काय म्हैस हाय का?" येताना विमान वेळेवर निघालं. मी सगळा वेळ तिच्या मनगटावर बोट ठेवून होते. गोदावरी दिसली का ते मला माहीत नाही.

वडवणीत आल्यावर ती आमच्या मठाच्या स्वामींकडं गेली आणि विमानात काय झालं ते सांगून आली. ते काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

महानंदा वाचली. ती सहासष्ट वर्षांची आहे. मी बहात्तर वर्षांची आहे, आणि सुई अजून मीच टोचते, पण आधी पूजा झाली का ते विचारते.